पट्टी, पावती आणि बिल : रत्नागिरीकरांच्या मुंबईतील बिऱ्हाडाचा इतिहास

१

एखादे कुटुंब गाव सोडून परक्या शहरी राहावयास गेले म्हणजे त्याच्यापुढे पहिला प्रश्न छपराचा असतो. परंतु छप्पर मिळाले तरी तेवढ्याने घर उभे राहत नाही. पाणी कोठून यावयाचे, दिवा कशाने लागावयाचा, चूल कशावर पेटावयाची, मैला कोणी उचलावयाचा, आणि या सर्वांचे पैसे कोणी, कोणास व कोणाच्या नावाने द्यावयाचे, हे ठरल्यावाचून चार भिंतींना बिऱ्हाडाचे स्वरूप येत नाही. स्थलांतराचा इतिहास लिहिताना गिरण्या, गोद्या, मजुरीचे दर आणि संप यांकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक जावे हे स्वाभाविक आहे. तथापि स्थलांतर करणारा मनुष्य कारखान्यात जसा राबतो, तसा तो रात्री कोठेतरी पाठ टेकतो आणि पहाटे कोणत्या तरी नळावर उभा राहतो. त्या नळाचा, दिव्याचा आणि त्यांच्यामागून येणाऱ्या कागदाचा इतिहास हा नागरिकत्वाच्या इतिहासाचाच एक भाग होय.

प्रस्तुत लेखात जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस गेलेल्या कुटुंबांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. 'जुना जिल्हा' असे म्हणण्याचे कारण उघड आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मंडणगडपासून सावंतवाडी–वेंगुर्ल्यापर्यंतचा मुलूख रत्नागिरी या एकाच नावाखाली होता, आणि मुंबईस मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत त्याचे स्थान दीर्घकाळ अग्रभागी राहिले. या विचारासाठी कायदे, नगरपालिकांची कामे व सरकारी चौकशा ही साधने आहेतच. पण त्यांच्या जोडीला आणखी एक साधन येथे वापरले आहे. ते म्हणजे या व्यवहारातील शब्द. आपण घराची व पाण्याची 'पट्टी' भरतो, भाड्याची 'पावती' घेतो आणि विजेचे 'बिल' देतो. तिन्ही ठिकाणी पैसेच द्यावयाचे असता तीन निराळे शब्द का रूढ झाले, असा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे आढळते की हे शब्द एकमेकांचे पर्याय नसून सत्ता व रहिवासी यांच्यातील तीन निरनिराळ्या संबंधांचे अवशेष आहेत.

२

प्रथम ज्या घरातून हा मनुष्य निघाला त्या घराकडे पाहू. कोकणातील घराला पाणी, उजेड आणि जळण यांची गरज होतीच. पण त्यांपैकी एकाचेही देयक त्याच्या दारी येत नसे. पाणी विहिरीचे, पऱ्ह्याचे किंवा पाटाचे. जळण रानातल्या लाकूडफाट्याचे व शेणींचे. दिव्याला उंडीचे किंवा करंजाचे तेल. यांसाठी कष्ट पडत, आणि ते बहुतांशी स्त्रियांच्या वाट्यास येत. परंतु रोख पैसा क्वचित लागे. सरकारला जे द्यावयाचे ते जमिनीच्या साऱ्याच्या रूपाने. मराठेशाहीच्या हिशेबांत घरपट्टी, म्हैसपट्टी यांसारख्या बाबी येतात. त्यांतील 'पट्टी' म्हणजे वरून बसविलेली वाटणी. ती घरावर, जनावरावर किंवा गावावर बसे. तिच्या बदल्यात देणाऱ्यास अमुक एक वस्तू मोजून मिळेल, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. पट्टी हा कर होता, किंमत नव्हे.

परंतु जे पैशावाचून मिळते ते सर्वांना मिळते, असे मात्र नाही. विहिरीवरचा हक्क हा कुळाचा, वाडीचा आणि जातीचा हक्क होता. गावात ज्याला स्थान त्याला पाणी. ज्याचे स्थान गावकुसाबाहेर त्याचे पाणीही बाहेर. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. त्यानंतर रत्नागिरीला लागूनच असलेल्या त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या साध्या कृतीतून उद्भवलेला वाद उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला. तळे नगरपालिकेचे होते. तरीही पाण्यास हात लावण्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले. कोकणच्या पाण्याचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. गावच्या घराला बिल नव्हते याची आठवण काढताना, बिलाच्या अभावी तेथे दुसरे कोणते मोल द्यावे लागे, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

३

या पार्श्वभूमीवर मुंबईचा नळ ही एक नवी संस्था होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी व तलाव यांवर जगत होते. १८५४ च्या टंचाईने ही व्यवस्था अपुरी असल्याचे स्पष्ट झाले. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणे विहार तलावाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले. पुढे १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा यांचे पाणी शहरास मिळू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या साथींचा विचार करताना डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखविले, आणि अनेक विहिरी झाकण्याची अगर बुजविण्याची मोहीम सुरू झाली. विहिरीशी धार्मिक आचार निगडित असलेल्या पारशी आदी समाजांचा याला विरोध होता. तरीही परिणाम एकच झाला. शहरात राहावयाचे तर नळावर अवलंबून राहावयाचे, हे ठरून गेले.

'नळ' हा शब्द नवा नाही. संस्कृतात 'नल' किंवा 'नड' म्हणजे बोरू, वेत यांसारखी पोकळ वनस्पती. त्यावरून पोकळ नळीस हे नाव मिळाले. मुंबईत मात्र या शब्दाने वस्तूची मर्यादा ओलांडली. 'नळ आला', 'नळ गेला' या प्रयोगांत नळ म्हणजे धातूची नळी नसून ठराविक वेळी सुरू होऊन ठराविक वेळी बंद होणारे पाणी असा अर्थ आहे. विहीर येत नाही की जात नाही; नळ येतो आणि जातो. गावच्या पाण्याला ऋतू होते, शहरच्या पाण्याला घड्याळ मिळाले. नव्याने आलेल्या बाईला शहराची जी पहिली शिस्त अंगवळणी पाडावी लागली, ती गिरणीच्या भोंग्याइतकीच या नळाच्या वेळेची होती.

आता पैशाचा प्रश्न. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने पाण्याचा कर इमारतीच्या करयोग्य मूल्यावर बसविला, आणि तो देण्याची जबाबदारी मुख्यतः मालकावर ठेवली. मैला वाहून नेण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नाव त्या कायद्यात 'हलालखोर कर' असे होते. अरबी 'हलाल' आणि फारसी 'खोर' यांच्या जोडणीने झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'कष्टाचे, न्यायाचे खाणारा' असा आहे. समाजाने ज्यांना सर्वांत खालचे काम दिले त्यांच्यासाठी हा गौरवदर्शक शब्द रूढ असावा आणि प्रत्यक्षात मात्र त्यांना कोणताही गौरव लाभू नये, हा भाषेचा विरोधाभास नसून समाजाचा आहे. पुढे कराचे नाव बदलून मलनिःसारणाशी जोडले गेले. काम करणाऱ्याचे नाव कागदावरून गेले.

या कायद्यामुळे घडलेली एक गोष्ट भाषेत स्पष्ट उमटली आहे. पाण्याचे देणे मालकाच्या कराचा भाग असल्यामुळे खोलीत राहणाऱ्या भाडेकरूचे पाण्याच्या बाबतीत नगरपालिकेशी सरळ नाते जुळले नाही. त्याने भाडे द्यावयाचे, भाड्यातून मालकाने कर भरावयाचा. म्हणून पाणी 'पट्टी'च्या जुन्या घरात राहिले. पुढे कित्येक ठिकाणी पाणी मीटरने मोजले जाऊ लागले. अलीकडे 'पाण्याचे बिल' असाही प्रयोग कानावर येतो. तरी नगरपालिकांच्या व्यवहारात 'पाणीपट्टी' हाच शब्द आजही ठाण मांडून आहे.

४

मुंबईत आलेला रत्नागिरीकर सहसा एकटा येई. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर त्याचा पहिला आश्रय म्हणजे गावकीची किंवा भाऊबंदांची खोली. अशा खोलीचे भाडे एकाच्या नावावर असे आणि राहणारे अनेक. प्रत्येकाने आपला वाटा द्यावयाचा, ट्रंक ठेवण्यापुरती व पथारी पसरण्यापुरती जागा घ्यावयाची, आणि पाळीप्रमाणे झोपावयाचे. हा वाटा म्हणजे ना पट्टी ना बिल. ती वर्गणी होती. गावच्या देवळाच्या उत्सवासाठी जी गोळा करीत तीच पद्धत येथे खोलीसाठी चालू राहिली. नव्या माणसाला शहरात कागद नव्हता, पण गाव होता. आणि गावच त्याचा जामीन होता.

जेवणाची व्यवस्था खाणावळीत. हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहण्याजोगा आहे. दळणावळ, धुणावळ, लिहिणावळ या शब्दांत '-आवळ' हा प्रत्यय त्या त्या कामाचा मोबदला दाखवितो. तसाच 'खाणावळ' म्हणजे मुळात जेवणाबद्दल द्यावयाचे पैसे. त्यावरून ते पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या घरास तेच नाव पडले. मासिक देण्याचे नाव वास्तूला मिळावे, यावरून हा व्यवहार किती नियमित व सार्वत्रिक झाला होता याची कल्पना येते. गिरणगावात हे काम बहुशः स्त्रियांनी आपल्या एकुलत्या खोलीच्या चुलीवर केले. त्यांना पत मिळावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्या पूर्वी सुमारे शतकभर शहराच्या श्रमशक्तीला जेवू घालणाऱ्या या स्त्रियांच्या हिशेबाची नोंद वह्यांच्या पानांपलीकडे गेली नव्हती.

कुटुंब आणावयाचे ठरले म्हणजे मात्र स्वतंत्र खोली हवी आणि खोलीबरोबर पावती हवी. 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' वरून प्राकृतातून आला. तो भाषेत फार जुना. 'पावती' ही 'पावणे' या क्रियापदापासून बनलेली. पैसे पोहोचले एवढेच तिचे शब्दशः म्हणणे. परंतु भाडेकरूच्या दृष्टीने पावतीने पैशाइतकीच एक दुसरीही गोष्ट पोहोचल्याची ग्वाही दिली: तो स्वतः. अमुक चाळीत, अमुक क्रमांकाच्या खोलीत, अमुक नावाचा मनुष्य राहतो, हे सांगणारा शहरातला त्याचा तो पहिला कागद होता. ज्यांना जातीमुळे खासगी मालकाकडे खोली मिळणे कठीण, त्यांच्या बाबतीत सार्वजनिक संस्थेच्या चाळीची पावती विशेष मोलाची ठरे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने अशा चाळी बांधल्या. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या आंबेडकरांचे कुटुंब परळच्या अशाच चाळीत अनेक वर्षे राहिले. महाडच्या सत्याग्रहाच्या काळी बाबासाहेबांचे बिऱ्हाड तेथेच होते. ज्या घरात सामाईक नळावरून पाणी येत होते, त्याच घरातून सार्वजनिक तळ्यावरील हक्काची मागणी सिद्ध झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

येथेच 'घर' आणि 'बिऱ्हाड' या शब्दांतील भेद नोंदविला पाहिजे. कोकणातला चाकरमानी दोन पिढ्या मुंबईत राहिला तरी 'घर' म्हणून गावच्या घराचा निर्देश करतो. मुंबईत असते ती 'खोली' किंवा 'बिऱ्हाड'. बिऱ्हाड या शब्दात तात्पुरता मुक्काम आणि त्याबरोबर वाहून नेण्याचे सामान, असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणूनच बिऱ्हाड पाठीवर असते. घर कधीही पाठीवर नसते. टपाल खात्याने १८८० साली सुरू केलेल्या मनिऑर्डरने या दोहोंना जोडले. बिऱ्हाडात काटकसर करावयाची व घराकडे पैसे धाडावयाचे, हा क्रम त्यामुळे नियमित झाला. बिऱ्हाडावर कमीत कमी खर्च करण्याची वृत्ती ही दारिद्र्यातून आली हे खरे; पण आपले खरे घर अन्यत्र आहे, या समजुतीचाही तीत वाटा होता.

५

आता दिव्याकडे वळू. मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. चाळीतल्या खोलीत हा गॅस आला नाही. पण त्याचे नाव आले. इंग्रजी 'गॅसलाइट' वरून मराठीने 'घासलेट' हा शब्द घडविला आणि तो मातीच्या तेलाला दिला. त्याच तेलाचे दुसरे नाव 'रॉकेल'. ते 'रॉक ऑइल' या जोडशब्दाचे मराठी रूप. श्रीमंतांच्या रस्त्यावरील दिव्याचे नाव गरिबांच्या चिमणीतल्या तेलाला लागावे, ही शब्दांच्या प्रवासातील एक बोलकी घटना होय. घासलेट मापाने विकत घ्यावयाचे, रोख किंवा वाण्याच्या उधारीवर. त्यासाठी अर्ज नको, अनामत नको, पावतीही नको. रात्रीपुरता उजेड विकत मिळे आणि त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नसे.

हा खर्च क्षुल्लक नव्हता. मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी सरकारी चौकशी १९२१–२२ साली झाली आणि जिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला, तीनुसार कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ५७ टक्के अन्नावर होई. भाड्याचा हिस्सा आठ टक्क्यांच्या आत होता, आणि जळण व दिवाबत्ती यांचा हिस्सा जवळपास तेवढाच, म्हणजे सात टक्क्यांहून थोडा अधिक होता. छपराला जेवढे द्यावे लागे जवळजवळ तेवढेच चुलीला आणि दिव्याला. गावी जे रानातून येत होते त्याचे शहरातले मूल्य हे असे होते.

विजेचा पुरवठा करण्यासाठी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ पासून शहरास मिळू लागली. आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने ही कंपनी ताब्यात घेतल्यावर 'बेस्ट' हे नाव मुंबईकराच्या घरातलेच झाले. गिरणगावातील अनेक खोल्यांत विजेचा दिवा बराच उशिरा लागला. परंतु तो लागला तेव्हा त्याच्याबरोबर एक नवा कागद आला. वीज मीटरने मोजून येई. आणि महत्त्वाचे म्हणजे, १९१० च्या भारतीय वीज कायद्याप्रमाणे पुरवठ्याची मागणी जागेचा मालक जशी करू शके तशीच जागेचा भोगवटादारही करू शके. पाण्याचा कायदा मालकाकडे पाहत होता. विजेचा कायदा राहणाऱ्याकडेही पाहत होता. या एका भेदातून 'पट्टी' आणि 'बिल' यांची फारकत झाली असे माझे मत आहे.

'बिल' या इंग्रजी शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील 'बुल्ला' म्हणजे मोहोर, मोहोरबंद कागद या शब्दापर्यंत जाते. मराठीने तो जसाच्या तसा घेतला आणि नपुंसकलिंगी केला. 'लाइट' मात्र 'वीज' व 'बत्ती' यांच्या पंक्तीला बसून स्त्रीलिंगी झाली. आपण 'लाइट गेली' असे म्हणतो. राज्यस्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले. विजेच्या छापील कागदावर आज 'देयक' हा शब्द दिसतो, आणि व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे. तरीही घरात कोणी 'देयक आले' असे म्हणत नाही. देयक म्हणजे जे द्यावयाचे ते. बिल म्हणजे मोजलेल्या वस्तूचा, नावानिशी आलेला हिशेब. लोकांनी शब्द निवडला तो आळसाने नव्हे; त्या शब्दात त्यांचे नाव होते म्हणून.

६

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कागदांना अनपेक्षित महत्त्व आले. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर कुटुंबातील माणसांची नावे व पत्ता आला. ज्या माणसाला आजवर शहर केवळ काम करणारे हात म्हणून ओळखीत होते, त्याची नोंद प्रथमच खाणारे तोंड म्हणून झाली. गावकीच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्याचाही पत्ता आता ठरणे भाग पडले. पत्रिका धान्यासाठी निघाली. पण शाळेतील प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत ती रहिवासाचा पुरावा म्हणून पुढे कित्येक दशके वापरली गेली.

त्या पाठोपाठ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस स्थैर्य दिले. प्रमाण भाड्याची कल्पना या कायद्यामुळे सर्वांच्या तोंडी झाली. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी अधिक लक्षणीय आहेत. एक, मालकाने भाड्याची पावती दिलीच पाहिजे. आणि दुसरी, पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई अशा आवश्यक सोयी मालकास मनमानीने तोडता येणार नाहीत. भाडेकरूस हुसकून लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग नळ बंद करण्याचा होता, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. हीच तत्त्वे पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, कायम राहिली.

या संरक्षणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे गोठले तेव्हा जागेची खरी किंमत भाड्याबाहेर गेली आणि 'पागडी' या नावाने परत आली. डोक्यावरचे मानाचे वस्त्र हे एका बेकायदा रकमेचे सभ्य नाव झाले. ज्याच्याजवळ जुनी पावती त्याच्या हाती मालमत्तेसारखा हक्क आला. ज्याच्याजवळ ती नाही अशा नव्या माणसाला चाळीचा दरवाजा बंद झाला. पन्नास–साठच्या दशकांनंतर जे आले त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला म्हणूनच झोपडपट्टी आली. 'पट्टी' हा शब्द येथे निराळ्या अर्थाने, जमिनीच्या अरुंद तुकड्यासाठी योजला गेला आहे. पण गंमत अशी की ज्या वस्तीच्या नावातच पट्टी आहे, तिच्याकडून पाणीपट्टी घेण्यास नगरपालिका दीर्घकाळ तयार नव्हती. पट्टी घेणे म्हणजे वस्ती मान्य करणे असा त्याचा अर्थ होईल, अशी तिला भीती होती. अमुक तारखेपूर्वी आल्याचा पुरावा असेल तरच नळ, या धोरणाविरुद्ध पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जगण्याच्या मूलभूत हक्कात पाण्याचा हक्क येतो, आणि वस्ती अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. महाडच्या तळ्याचा निकाल १९३७ चा आणि हा २०१४ चा. दोहोंतील प्रश्न निराळे असले तरी त्यांचा गाभा एकच आहे: पाणी मिळण्यासाठी मनुष्याने प्रथम कोण असले पाहिजे?

७

आजवर रत्नागिरीहून बाहेर जाणाऱ्यांचा विचार केला. उलट दिशेचे एक उदाहरण या चर्चेला पूरक आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. आरंभी सरकारने ठरवून दिलेल्या बंगल्यांत व १९१० साली राजवाडा पुरा झाल्यावर तेथे त्याचा परिवार राहिला. १९१६ साली तो येथेच मरण पावला. राजाचे घर मोठे, नोकरचाकर पुष्कळ. पण त्या घराची व्यवस्था सरकारनियुक्त अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि खर्च सरकारी नेमणुकीतून. तीस वर्षे एका गावात राहूनही आपल्या घराचा हिशेब ज्याच्या स्वाधीन नाही, तो राजवाड्यात राहूनही बिऱ्हाडकरूच होय. उलट परळच्या खोलीत राहणारा गिरणीकामगार, ज्याच्या हाती स्वतःच्या नावाची पावती होती, तो एका अर्थाने त्याच्याहून अधिक घरचा धनी होता.

दुसरे उदाहरण विजेचे. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली, आणि तिचा मोठा भाग उद्योगांसाठी मुंबईकडे गेला. चाकरमान्याप्रमाणे वीजही रत्नागिरीत जन्मली आणि मुंबईस कामाला गेली. कोकणातील अनेक वाड्यांवर दिवा मुंबईच्या मागाहून लागला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यानंतर ही जाण्या-येण्याची वाट सुलभ झाली. आणि आज नोकरी, शिक्षण किंवा निवृत्ती यांमुळे रत्नागिरी शहरात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांची कमतरता नाही. त्यांना विजेसाठी महावितरणकडे व पाण्यासाठी नगर परिषदेकडे जावे लागते. २००३ च्या वीज कायद्यानेही पुरवठा मागण्याचा अधिकार मालकाप्रमाणे भोगवटादारास दिला आहे. १९९९ च्या भाडे कायद्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगून त्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पाण्याची वाट मात्र अद्यापि मालकाच्या दारावरूनच जाते. १८८८ आणि १९१० च्या कायद्यांतील भेद आपल्या घरात अजून जिवंत आहे. आपण त्यास पाणीपट्टी व लाइटबिल या दोन नावांनी ओळखतो.

८

सारांश, पट्टी घराला ओळखते, बिल माणसाला ओळखते, आणि पावती या दोहोंच्या मधे उभी राहून भाडेकरूस शहरात पाय रोवू देते. वर्गणी ही चौथी. ती कागदावाचून चालते आणि ज्याला कागद नाही त्याला सांभाळते. रत्नागिरीहून मुंबईस गेलेल्या कुटुंबाचा प्रवास हा वर्गणीकडून पावतीकडे आणि पावतीकडून बिलाकडे झालेला प्रवास आहे. त्यात लाभ झाला तो जातीपातीच्या व भाऊबंदकीच्या मध्यस्थीवाचून पाणी व उजेड मिळण्याच्या शक्यतेचा. हानी झाली ती अशी, की ज्याच्यापाशी कागद नाही त्याला पाठीशी घालणारी गावकी क्षीण झाली, आणि तिच्या जागी काही उभे राहण्यास फार काळ लागला.

या इतिहासाची साधने दप्तरखान्यांत थोडी आणि घरांत पुष्कळ आहेत. जुन्या भाडेपावत्या, शिधापत्रिका, विजेची पहिली बिले, अनामत भरल्याच्या चिठ्ठ्या, मनिऑर्डरीच्या पोचपावत्या, गावकीच्या खोल्यांच्या वर्गणीच्या वह्या हे सर्व कोकणातील माळ्यांवर आणि मुंबईतील पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे. चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत आणि बिले कागदावरून भ्रमणध्वनीवर गेली आहेत. पुढील पिढीच्या घरात असा कागद सापडणार नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजोळी वा घरी ही साधने हाताशी आहेत. त्यांनी ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने पाहावीत, त्यांवरील नावे, पत्ते, रकमा व शब्द यांची नोंद करावी, आणि ज्या स्त्रियांनी त्या नळावर पाणी भरले त्यांच्याकडून त्या शब्दांचे अर्थ ऐकून घ्यावेत. विभागाने अशा नोंदींचा संग्रह हाती घेतल्यास, गावाहून आलेला मनुष्य कोणत्या दिवशी शहराचा रहिवासी झाला, या प्रश्नाचे उत्तर अनुमानाने नव्हे तर तारीखवार देता येईल.